नानांच्या वाट्याची खांड

मी बत्तीस वर्षं नद्या गिरवल्या. कागदोपत्री माझं पद ‘अनुरेखक’ होतं, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मला ट्रेसरबाई म्हणायचे. मोजणीवाल्यांनी पेन्सिलीने काढलेला मळका नकाशा खाली, त्यावर ट्रेसिंगचं कापड, आणि त्यावर मी वाकलेली. नदी निळ्या शाईने, बांध काळ्या, गावाची शीव तुटक रेघेने. चुकलं की ब्लेडने शाई खरवडायची आणि पुन्हा ओढायची. माझी मान त्यातच गेली. आता डॉक्टर विचारतात, बाई, इतकं काय जड उचलत होतात? गोदावरी, असं मी सांगते, आणि ते हसतात. मला काही हसू येत नाही.

पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि ट्रेसर ही जमातच संपली. निवृत्त होईपर्यंत मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तिथे निदान मान वर करून बसता यायचं. पण एक नकाशा असा आहे की तो माझ्या हातून झाला नसता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. तो माझ्या माहेरच्या साठ एकरांचा.

माहेर निफाडच्या खालच्या अंगाला, बंधाऱ्याच्या फुगवट्यावर. बंधाऱ्याने अडवलेलं पाणी मागे जिथवर पसरतं त्याला फुगवटा म्हणतात. तिथे दोन नद्या भेटतात आणि दोघी आपापली माती घेऊन येतात. त्र्यंबक, घोटी, दिंडोरी, सगळीकडची माती आमच्या दारात येऊन बसते. माझ्या लहानपणी पाणी उतरलं की लोक उघड्या पडलेल्या गाळावर हरभरा पेरायचे, आणि पुन्हा पाणी चढायच्या आत काढून घ्यायचे. मग मी पाचवीत असताना तीस घरांनी ठरवलं की पाण्याची ही ये-जा बंद करायची. त्यांनी साठ एकरांना चारी बाजूंनी मातीचा बांध घातला. यंत्र नाही, ट्रॅक्टर नाही, नुसती घमेली आणि डोकी. दोन उन्हाळे लागले. जमीन पाण्याकडून परत घेतली, असं सगळे छाती काढून सांगायचे, आणि त्यात माझे वडीलही होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो.

बांध सगळ्यांचा होता, पण प्रत्येक घराला त्याचा एक तुकडा नेमून दिला होता. त्याला वाटा म्हणायचे. आमचा वाटा चाळीस हातांचा, अगदी वरच्या टोकाला, नदी पहिल्यांदा येऊन धडकते तिथे. दर वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की ज्याने त्याने आपल्या वाट्यावर नवी माती टाकायची. दुसऱ्याच्या वाट्याला कुदळ लावायची नाही, हा नियम. त्याला अपवाद एकच. ज्या घरात आजारपण असेल किंवा कोणी गेलं असेल, त्या घराचा वाटा बाकीच्यांनी भरायचा. प्रत्येक घरातून एक माणूस यायचा, पाच घमेली माती टाकायचा आणि काही न बोलता निघून जायचा. आई गेली त्या वर्षी आमच्या वाट्यावर अशी माती पडताना मी पाहिली होती. घरी येऊन गोड बोलून गेलेल्या नातेवाइकांपेक्षा मला ती माती जास्त लक्षात राहिली आहे.

वीस-पंचवीस वर्षं बांधाच्या आत ऊस आणि गहू उत्तम आला. नानांना गव्हाचं वेड. ऊस लावायचे ते घरच्यांच्या आग्रहाखातर, पण थंडीत ओंबीवर आलेला गहू बघायला ते दिवसातून तीनदा बांधावर चढायचे. मग जमीन बिघडायला लागली. पाणी आत तुंबून राहायला लागलं, मग वर मीठ फुटलं, आणि नव्वद साल उजाडलं तोवर साठ एकरांत चिखल आणि लव्हाळ्याशिवाय काही उरलं नव्हतं. चिबड झाली, लोक म्हणाले. कोणी खतांना दोष दिला, कोणी उसाला, कोणी कालव्याला. माझ्या भावाने वरच्या माळावर कांदा धरला, लासलगावला नेऊन विकायला लागला, आणि खालच्या जमिनीचं नाव घेणं सोडलं. नाना सोडायला तयार नव्हते. एकदा तिथे गहू उभा बघायचाय, एवढंच म्हणायचे.

नव्वदचं दशक सरता सरता आमच्या ऑफिसात एक साहेब आले. माणूस अभ्यासू, थोडा विक्षिप्त. फुगवट्यात किती गाळ साठला याची मोजणी त्यांनी करून घेतली आणि नकाशा माझ्या टेबलावर आला. मी समपातळीच्या रेषा ओढत होते. बांधाच्या बाहेरच्या रेषांचे आकडे चढत गेलेले, आतले जिथल्या तिथे. मला वाटलं आपलंच काही चुकलं. दोनदा ताडून बघितलं. चुकलं नव्हतं. आम्ही बांधाच्या आत सुखाने ऊस खात होतो तेव्हा बाहेर नदी दर पावसाळ्याला एक एक थर घालत होती, आणि आता बाहेरचा गाळ आतल्या जमिनीपेक्षा कमरेइतका उंच झाला होता. आमची जमीन बुडाली नव्हती, ती होती तिथेच राहिली होती. आम्ही पाण्याबरोबर मातीलाही दार लावून घेतलं होतं.

ही माझ्या माहेरची जमीन, असं मी साहेबांना सांगितलं. त्यांना आनंदच झाला. खुर्ची ओढून समजावायला लागले. “तिकडे पूर्वेला, नदी समुद्राला मिळते त्या भागात, लोक हेच करतात. बांध घालून जमीन मिळवायची, ती खोल राहिली की मुद्दाम बांध फोडायचा आणि पुराचं गढूळ पाणी आत घ्यायचं. पाणी थांबतं, गाळ खाली बसतो, नितळ पाणी दुसऱ्या बाजूने सोडून द्यायचं. काही वर्षांत जमीन आपोआप वर येते. तुमच्या गावाला हे पटवता येईल का?”

“किती वर्षं?” मी विचारलं.

“पाच धरा. कमी नाही.”

गावाने होकार द्यायला वर्ष घेतलं. साहेबांनी देवळासमोर तीन सभा घेतल्या, मी काढलेला नकाशा भिंतीवर टांगून. चिबड जमिनीत तसंही काही येत नव्हतं, त्यामुळे गमावण्यासारखं फार नव्हतं. तरी ज्यांनी डोक्यावर माती वाहून बांध घातला त्यांना तो फोडा म्हणणं सोपं नव्हतं. एकेक करून एकोणतीस घरांनी सह्या केल्या. राहिले नाना. आणि बांध फोडून जी खांड पाडायची होती ती वरच्या टोकाला, म्हणजे त्यांच्याच वाट्यात. दुसरीकडे पाडली असती तर गढूळ पाणी आत आलंच नसतं, नुसतं वरचं नितळ आलं असतं.

भावाने माझ्या गळ्यात काम घातलं. “ताई, ते तुझंच ऐकतील.” मी रविवारी गेले. नाना ओट्यावर बसले होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पाठ अजून सरळ. मी नकाशा उलगडला, रेषा दाखवल्या. त्यांनी नकाशाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

“बाई, तू सांग. गहू कवा दिसंल मला?”

पाच वर्षं म्हटलं असतं तर त्यांनी सही केली नसती. आणि सही नाही तर काहीच नाही, असं मी त्या क्षणी स्वतःला पटवलं. खरं सांगायचं तर मला संध्याकाळची नाशिकची गाडी गाठायची होती, घरी मुलांच्या परीक्षा होत्या, आणि मला तो विषय संपवायचा होता.

“दोन वर्षं, नाना. दोन पावसाळे जाऊ द्या.”

त्यांनी सही केली. इतक्या चटकन केली की मी अजून पेनाचं टोपणच हातात धरून होते.

मे महिन्यात खांड पडली. वाटा ज्याचा, पहिली कुदळ त्याची. नानांनी धोतर खोचलं, पाया पडून कुदळ उचलली, आणि पहिला घाव घालून बराच वेळ तशीच ती मातीत धरून उभे राहिले. मग म्हणाले, “लय चोपली होती रं. निघंना.” लोक हसले, बाकीचे पुढे झाले, आणि दुपारपर्यंत बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं. खालच्या टोकाला सिमेंटचा पाइप आणि लोखंडी झडप आधीच बसवली होती. जुलैच्या शेवटी नदी चढली आणि लाल पाणी खांडीतून आत शिरलं. नाना रोज बांधावर. ज्या पाण्याला त्यांनी आयुष्यभर बाहेर ठेवलं ते आत येताना ते बघत बसायचे. पौषात झडप उघडून पाणी काढलं तेव्हा जमिनीवर वीतभर गाळ बसला होता, तळहातावर घेतला तर साय. भावाने फोनवर सांगितलं, “म्हाताऱ्याने गाळात हात घालून घालून सगळं घर भरवलंय.”

मी खूश झाले. साहेबही झाले. साहेबांची मार्चमध्ये बदली झाली, आणि नंतर आलेल्यांना या प्रकरणात काडीचा रस नव्हता.

एप्रिलमध्ये नाना न्हाणीघरात घसरले. मांडीचं हाड मोडलं. त्यांना नाशिकला आणलं, ऑपरेशन झालं, मग ऑगस्टपर्यंत ते आमच्याकडे, गंगापूर रोडच्या घरात. दुसरा मजला, लिफ्ट नाही. सकाळी त्यांचं सगळं आवरायचं, बस पकडून ऑफिस, संध्याकाळी औषधं, डबे, रिपोर्ट. नवरा करायचा ते करायचा, पण बापाचं अंग पुसायला मुलगीच लागते असं त्याने आणि नानांनी मिळून ठरवलं होतं. ते दिवस आठवले तरी अजून पाठ दुखते.

अशातच एका सकाळी गावाहून फोन आला. आमच्या शेजारच्या वाट्याचे काका, बूथवरून बोलत होते. नानांची चौकशी केली. मग म्हणाले, “आखाजी झाली. माणसं वाट्यांवर माती टाकाया लागली. नानांच्या वाट्याचं आमी बगतो. पाच-पाच घमेली टाकून घेऊ ना?”

गॅसवर दूध होतं, आतून नाना हाक मारत होते, साडेनऊची बस गाठायची होती.

“हो काका,” मी म्हणाले. “टाकून घ्या. फार उपकार झाले.”

मी फोन ठेवला आणि दूध उतरवलं.

मला सगळं माहीत होतं. गावात जिला सगळ्यात जास्त माहीत असायला हवं होतं, ती मी. त्या खांडीचा नकाशा मी काढला होता, तिची रुंदी माझ्या हाताने लिहिली होती. पण काका वाट्यावर माती टाकू का म्हणाले आणि माझ्यासमोर आईच्या वेळची माती आली, खांड आलीच नाही. आजारी माणसाच्या घराला लोक विचारतात, आपण हो म्हणून आभार मानायचे, एवढंच डोक्यात होतं. त्यांच्याही डोक्यात तेच असणार. गेल्या वर्षी याच लोकांनी हसत खांड पाडली होती. पण आता त्या घरचा माणूस अंथरुणावर आणि त्याचा वाटा उघडा, हे त्यांना बघवलं नाही. एकोणतीस घरं, कोणी पाच घमेली टाकली, कोणी जीव लावून पन्नास. भाऊ तेव्हा कांद्याच्या मागे लासलगावला. परत येऊन बघतो तर खांड बुजलेली, वरून चोपून सारखी केलेली. त्याला वाटलं, ताईने सांगितलं म्हणजे साहेबांचंच काही असेल.

मला कळलं ते ऑगस्टमध्ये. नानांना गावी सोडायला गेले होते. वॉकर धरून ते बांधापर्यंत आले. बाहेर नदी तुडुंब, लाल. आत पावसाचं साचलेलं स्वच्छ पाणी, त्यात बगळे.  मीच धावत भावाकडे गेले, आत्ताच्या आत्ता फोडू या म्हणून. नव्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, वेड लागलंय का, बाहेर एवढं पाणी टेकलेलं असताना कुदळ लावली तर खांड राहणार नाही, अख्खा बांध जाईल. ते बरोबरच होतं. वर्ष गेलं.

गावात कोणी कोणाला बोललं नाही. काका दोन-तीनदा घरी आले, बसले, चहा घेऊन गेले. मी त्यांच्यावर चिडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग स्वतःवर चिडले, ते मात्र छान जमलं. पण मीच हो म्हणाले होते हे मी नानांना सांगितलं नाही. काकांनीही सांगितलं नाही. चांगुलपणाच सगळा, त्याने तर जीव नकोसा झाला.

पुढच्या वर्षी आखाजीला खांड पुन्हा पाडली, आणि दुसऱ्या दिवसापासून नाना तिथे जाऊन बसायला लागले. भावाने खाट नेऊन दिली, वर चार काठ्यांना गोणपाट बांधलं. सकाळी काठी टेकत जायचे, सूर्य मावळला की परत. मे महिन्यातलं ऊन. भाऊ वैतागला. “ताई, तू येऊन सांग. आता कोण भरतंय? सगळ्यांना ठाऊक झालंय.” मी रजा टाकून गेले.

खाटेवर त्यांच्याशेजारी बसले. बाजूच्या वाट्यावर काकांची सून माती टाकत होती, आमच्याकडे बघून पदर सारखा करून पुन्हा कामाला लागली.

“नाना, घरी चला. कोणी हात लावणार नाही आता.”

“लोक वाईट असते ना बाई, तर घरीच बसलो असतो,” ते म्हणाले. “लय चांगले हाईत. म्हणून बसावं लागतं.”

 मला राहवलं नाही. “नाना, गेल्या साली काकांनी फोन केला होता. मीच त्यांना भरा म्हणाले.”

“मंग?” ते म्हणाले. “लोक माती घिऊन दारात आल्यावर नाय म्हणतं व्हय कोणी? मी बी हां म्हनलो असतो.”

मला रडू आलं. इतक्या महिन्यांचं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून विचारलं, “आता खरं सांग. अजून किती?”

माझ्या पिशवीत नवे आकडे होते. जमीन एवढी वर यायला हवी होती की दिवाळीनंतर पाणी आपसूक उतरेल, तरच गव्हाची पेरणी साधणार. एका वर्षाचा वीतभर गाळ, आणि कमरेइतका खड्डा.

“चार,” मी म्हणाले. “चार पावसाळे. तेव्हाच पाच सांगायला हवे होते मी.”

 नाना तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. पुढच्या वर्षीच्या कार्तिकात ते गेले, शेतात पाणी असतानाच. जमीन मात्र पुढे खरंच वर आली. माझा भाऊ आता तिथे गहू घेतो आणि तो चांगला येतो. मी बघायला जाते, बघते, परत येते.

पण त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “कोठीत बियाण्याचा गहू हाय. सही केली त्या सालीच ठिवलाय, राख घालून. दोन सालं व्हती तवर टिकला असता. चार सालं नाय टिकायचा. जाताना घिऊन जा, दळून खा.”

भावाने ते पोतं एसटीच्या टपावर चढवून दिलं. घरी आणून मी गहू चाळला, राख उडवली, दोन पाण्यांनी धुऊन गच्चीवर वाळवला. आमच्या गिरणीवाल्याने मूठभर हातात घेऊन फुंकर मारली. “बाई, बियाण्याचा दिसतोय. एवढा निवडलेला गहू दळायला आणलात?”

“हो,” मी म्हणाले. “बारीक दळा, पोळ्यांना हवाय.”